आधी ठाण्यात, मग रुद्रभूमीत

माझ्या घरमालकाकडे रिव्हॉल्वर होतं. गल्लीतले लोक त्या रिव्हॉल्वरला भीत. मी भ्याले ते त्यांच्या कागदांना.

लातूरला डाळबाजाराच्या मागं एका गल्लीत त्यांचं घर होतं. पुढं ओटा, मधे अंगण, अंगणात आड, आणि आडापलीकडं भाड्यानं द्यायच्या तीन खोल्या. दिवसभर डाळीच्या गिरण्यांचा भुसा उडत यायचा. धुणं वाळेपर्यंत पिवळं व्हायचं. त्या तीन खोल्यांतल्या शेवटच्या खोलीत मी बावीस वर्षं काढली. आता तिथं चार मजली इमारत आहे आणि आड बुजवून त्यावर मोबाईलचं दुकान झालंय. मी मागं एकदा गेले होते. दुकानातल्या पोराला म्हणाले, "तू पाण्यावर बसलायस बाबा." त्याला काही कळलं नाही.

गल्लीत सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. पाठीमागं 'इष्टांप' म्हणायचे, कारण इष्टांपाच्या कागदाशिवाय त्यांचा कोणावर विश्वास नव्हता. मी मालक म्हणायचे.

मी दुष्काळात लातूरला आले. मुखेडकडचं गाव माझं. नवरा आणि मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो. त्याच उन्हाळ्यात नवरा गेला. ते सांगत बसत नाही. मला सरकारी दवाखान्यात आयाचं काम मिळालं आणि मी खोली शोधत निघाले. सात-आठ घरं फिरले. प्रत्येक घरी आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. या घरी ओट्यावर एक उंच, वाळका माणूस बसला होता. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, नाकावर दोरा बांधलेला चष्मा. त्यांनी आडनाव विचारलं नाही.

"सही येते?" म्हणाले.

"येते. चौथी पास हाय."

"मग बसा."

त्यांनी करार लिहिला. अकरा कलमं होती. घागरी किती, दिवा किती वाजता घालवायचा, शेळी पाळायची नाही. एक कलम असं होतं की भाडेकरूनं भांडण करावयाचे झाल्यास मालकास ऐकू जाईल एवढ्या आवाजात करू नये. मी म्हणाले, "मी एकटीच हाय, कुणासंगं भांडू?" ते म्हणाले, "एकटं माणूस जास्त भांडतं." सही झाल्यावर त्यांनी खाली तारीख टाकली, ती दोनदा वाचली आणि कागद फुंकून वाळवला.

"ध्यानात ठेवा बाई. सही खोटी निघू शकती. साक्षीदार मरू शकतो. पण तारीख न्हाई तर कागद जन्मालाच आला न्हाई. तसला कागद चुलीत घालायचा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नंतर शंभर वेळा ऐकलं असेल. दूधवाल्याला, पूजेला येणाऱ्या जंगमाला, स्वतःच्या बायकोला.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावायला खिळा मारला. आवाज ऐकून ते आले. मला वाटलं, झालं, आता निघायची वेळ. त्यांनी तसबिरीकडं बघितलं, खिळ्याकडं बघितलं.

"खिळे किती?"

"एकच."

"करारात बारावं कलम लिहावं लागंल." आणि लिहिलं. खोली सोडताना खिळ्याचं भोक बुजवून द्यावं, असं.

त्यांची बायको तशी नव्हती. तिनं मला दोन वर्षं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. पाणी वरून ओतायची. मालकांना ते दिसत होतं आणि ते काही बोलले नाहीत. त्याचं कलम नव्हतं. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर माणूस उगीच देव होतो.

बायको घरात कानडी बोलायची. तिचा एक शब्द मला कायमचा चिकटला, 'साकु'. म्हणजे पुरे. मालक कायदा सांगायला लागले की ती आतून म्हणायची, "साकु, साकु." ते थांबायचे नाहीत.

रिव्हॉल्वर त्यांनी तरुणपणी घेतलं होतं. ते खेड्याखेड्यांत तूर खरेदी करत हिंडायचे, जवळ रोकड असायची, रझाकाराची गडबड होऊन गेलेली. त्यांनी रीतसर अर्ज केला, लायसन मिळालं. त्या रिव्हॉल्वरातून त्यांनी आयुष्यात एक गोळी झाडली नाही. ते लोखंडी कपाटात असायचं. कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, "मी मेल्यावर आधी हे ठाण्यात, मग मी रुद्रभूमीत." रुद्रभूमी म्हणजे त्यांच्या लिंगायत लोकांची पुरायची जागा. खाली तारीख आणि उर्दूत सही. शिकले निजामाच्या काळात, त्यामुळं सही शेवटपर्यंत उर्दूतच राहिली.

मी विचारलं, "असं का लिवलंय?"

"लायसन माझ्या नावाचं. मी मेलो की लायसन मेलं. मग हे घरात ठेवणं गुन्हा. बायको असू द्या का लेक असू द्या, वारस म्हणून कुणी उचलून कमरंला लावायचं न्हाई. ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची. ज्याला पाहिजे त्यानं आपल्या नावानं लायसन काढायचं, मग सोडवून आणायचं."

"आन् तुमाला पुरायला उशीर झाला तर?"

"मला काय घाई हाय का?"

मी राहायला आले त्याच उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला गेलं. गल्लीतले बाकीचे आड कोरडे पडले होते. एक दिवस पलीकडच्या गल्लीतली वीस-पंचवीस माणसं घागरी घेऊन अंगणात शिरली. ढकलाढकली सुरू झाली. शेजारच्या व्यापाऱ्यानं ओरडून सांगितलं, "अप्पा, कपाट उघडा. नुसतं दाखवा. पळतेत का न्हाई बघा."

मालक ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "लायसनवर माझ्या जिवाचं रक्षण लिवलंय. आड म्हंजे मी न्हाई."

मग त्यांनी वही फाडून चिठ्ठ्या केल्या, नंबर घातले, तारीख घातली आणि प्रत्येकाला दिल्या. नंबराप्रमाणं दोन घागरी. स्वतःच्या बायकोला एकोणिसावा नंबर दिला. ती रांगेत उभी राहिली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "या माणसासंगं संसार केला मी." त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. त्या चिठ्ठ्यांवर पावसाळ्यापर्यंत पाणी वाटलं. कोणी कोणाचं डोकं फोडलं नाही.

वर्षातून एकदा ते रिव्हॉल्वर बाहेर यायचं, खंडेनवमीला. गोळ्या कपाटातच कुलपात राहायच्या. पाटावर विळा, खुरपं, तराजू, त्यांचं पेन आणि मधोमध रिव्हॉल्वर. हळदीकुंकू, फूल. गल्लीतली पोरंसोरं, बायका बघायला यायच्या. मालक पाटाभोवती चुन्यानं रेघ मारायचे. नमस्कार रेघेच्या बाहेरून.

"रेघेच्या आत हात न्हाई," म्हणायचे. "हात लावला म्हंजे ताबा. ज्याच्या नावानं लायसन, त्याचाच ताबा."

लोक हसायचे. पण हात कोणी घालत नव्हतं.

त्यांना एकच लेक. शिवकांता. ती मला मावशी म्हणायची. आईची नजर चुकवून माझ्या खोलीत येऊन ज्वारीची भाकर आणि ठेचा खायची, आणि तोंड पुसून जायची. सातवीपर्यंत शिकली. सोबतीला कोणी नसलं की आडाच्या काठावर बसून बडबडत राहायची, मी ऐको न ऐको. तिचं लग्न ठरलं उदगीरकडच्या एका घरात. मुलगा दिसायला रुबाबदार, मिशीला पीळ, बोलायला मोठा. मला तो पहिल्या दिवशीच आवडला नाही. पण मला कोण विचारणार होतं.

लग्नात जेवणाच्या पंगतीला जावई रुसला. तो रुसतोच, तशी रीत आहे. पानावर बसायचं, हात लावायचा नाही. सासऱ्यानं विचारायचं, काय पाहिजे. कोणी घड्याळ मागतं, कोणी सायकल मागतं. देऊन टाकायचं आणि सगळ्यांनी हसून जेवायचं. मालकांनी अंगठी तयार ठेवली होती. कागदात बांधून, वर तारीख घालून.

जावयानं अंगठीकडं बघितलं नाही. मित्रांकडं बघून मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, "मामा, कपाटातलं पाहिजे."

मांडव भरलेला. चार-पाचशे माणूस, समोर जंगम स्वामी बसलेले. पंगतीत नाही म्हणणं म्हणजे लेकीला पहिल्या दिवसापासून ऐकून घ्यायला लावणं. मालकांचा घास तसाच पानावर राहिला. बायको आतून काही म्हणाली असेल, मला ऐकू आलं नाही.

"दिलं," मालक म्हणाले. मग लगेच म्हणाले, "पण कायद्यानं."

लोक हसले. लोकांना वाटलं, इष्टांप विनोद करायलेत. पंगत सुरू झाली.

मला विचाराल तर या माणसानं आयुष्यात एकदाच तोंडी व्यवहार केला, आणि तोच अंगावर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई कपाटापाशी हजर. मालकांनी त्याला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं. मी अंगण झाडत होते, सगळं ऐकलं.

"आज तुमच्या हातात दिलं तर तुमी बी आत, मी बी आत. बिगर लायसनच्या माणसाला देणं हा माझा गुन्हा, घेणं हा तुमचा. आहेर म्हणून दिलं, असा कायद्यात रकाना न्हाई. तुमी कलेक्टरकडं अर्ज करा. पोलीस चौकशी करतील, माणूस कसा हाय बघतील. लायसन मिळालं की मी सरकारला आगाऊ कळवीन, मुदत जाऊ दीन आन् तुमच्या हातात दीन. शब्द दिला तो दिला."

"म्हंजे सासऱ्याकडून घ्यायला बी सरकारला विचारायचं?"

"लेक देताना विचारलं न्हाई, ती माझी चूक झाली," मालक म्हणाले. हे ते मोठ्यानं म्हणाले का मनात, हे मला आज नक्की सांगता येत नाही. पण मला ऐकू आल्यासारखं आठवतं.

जावई चिडून गेला. अर्ज काही केला नाही. अर्ज करणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. त्याला वाटायचं, सासरा आज ना उद्या वाकेल.

सहा महिन्यांनी शिवकांता पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली. एकटी, एस्टीनं. निरोप होता, कपाटातलं घेतल्याशिवाय परत येऊ नको. आईला म्हणाली, जिन्यावरून पडले म्हणून हात सुजलाय. तिच्या सासरी जिना नव्हता. मी तेल कोमट करून हात चोळून दिला. मी दवाखान्यात आया होते. बाळंतपणाच्या वॉर्डात, कधी अपघाताच्या वॉर्डात. पडलेल्या बाईचा हात आणि पिरगाळलेला हात मला न बघता, नुसता हातात घेऊन कळतो.

"मावशी, अप्पाला सांगू नको," ती म्हणाली.

"मी कशाला सांगू," मी म्हणाले, "त्यांना काय डोळे न्हाईत?"

तिची आई नवऱ्याच्या पाया पडली. म्हणाली, देऊन टाका ते लोखंड, लेकीचा संसार होऊ द्या. मालक दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते मला आडापाशी म्हणाले, "बाई, न द्यावं तर हात मोडतोय. दिलं तर काय मोडंल?" मी घागर भरत राहिले. ते विचारत नव्हतेच. मग ते लेकीला घेऊन स्वतः उदगीरकडं गेले, जावयाच्या वतीनं अर्ज भरून नेला, त्याची सही घेतली. म्हणजे जावयाला वाटावं, काम सुरू आहे. तेवढ्यावर शिवकांताला त्या घरात जागा मिळाली.

तेव्हा कलेक्टर कचेरी उस्मानाबादला होती. लायसनचं नूतनीकरण असो का अर्ज, पहाटेची एस्टी धरायची आणि दिवे लागताना परत यायचं. मालक वरचेवर जायचे. मग लातूर जिल्हा झाला. गावात फटाके, मिरवणूक, पेढे. मालक मिरवणुकीत गेले नाहीत. ते नव्या कचेरीत गेले, हत्यारांच्या लायसनचं टेबल कोणतं ते बघायला. परत येऊन म्हणाले, "टेबल आलंय. कपाट यायचंय." मग रोज एक चक्कर. जावयाचा जुना अर्ज नव्या जिल्ह्यात नव्यानं करायला लागला. ते खूश झाले. कागद पुन्हा लिहायला मिळाला. पण मला वाटतं, तेवढीच मुदतही मिळाली.

जिल्हा झाला तसं सगळं जग लातूरला राहायला आलं. जावईही आला. मोटारपंपाचं दुकान घातलं, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. त्या घरात आल्यावर एकदा मी शिवकांताचा खांदा चोळून दिला. आता तो रोज सासऱ्याच्या ओट्यावर येऊन बसायचा. पान खाऊन विचारायचा, "मामा, माझं कुठवर आलं?" जसं म्हशीचं दूध कुठवर आलं.

त्या वर्षी खंडेनवमीला पाट मांडला. मालकांनी रेघ मारली. जावई मित्र घेऊन आला होता, त्यातल्या एकाकडं कॅमेरा होता. आम्ही बायका दाराशी उभ्या. शिवकांता माझ्या पुढ्यात, तिला पाचवा महिना होता. जावयानं नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्या रेघेच्या आत हात घालून रिव्हॉल्वर उचललं. हसत हसत फिरवलं आणि कुठं धरावं म्हणून दाराकडं धरलं. मित्र म्हणाला, थांब, असाच थांब.

रिकामं होतं. सगळ्यांना माहीत होतं. तरी शिवकांतानं दोन्ही हात पोटावर घेतले आणि पाठ फिरवली. बाकीच्या बायका हसत होत्या. तिनं एवढ्या लवकर पाठ फिरवली की मला कळलं, हे तिचं सवयीचं आहे. मी मालकांकडं बघितलं. ते रिव्हॉल्वरकडं बघत नव्हते. ते लेकीकडं बघत होते.

"खाली ठेवा," ते म्हणाले.

"मामा, फोटोपुरतं."

"खाली ठेवा. रेघ वलांडली तुमी."

त्यानं ठेवलं. मालकांनी ते कपाटात घातलं, टोपी घातली आणि तसेच ठाण्यात गेले. आपल्या निष्काळजीपणामुळं बिगर लायसनच्या माणसाच्या हातात हत्यार अर्धा मिनिट राहिलं, असा जबाब द्यायला. ठाण्यातल्या लोकांनी त्यांना चहा पाजला आणि सणासुदीला घरी पाठवलं. परत येताना ते नाराज होते. "लिवून घेतलं न्हाई त्यांनी," म्हणाले.

त्यानंतर महिन्याभरात जावयाच्या अर्जाच्या चौकशीला फौजदार आला. तरुण होता, नीट बोलणारा. आधी शेजारच्या व्यापाऱ्याकडं गेला. व्यापाऱ्यानं सांगितलं, जावई म्हंजे सोन्यासारखा माणूस. मग फौजदार अंगणातून सरळ माझ्या खोलीपाशी आला. मी म्हणाले, "साहेब, चुकून आलात. मी भाडेकरू हाय."

"नाही, नाव आहे तुमचं. अर्जात चौकशीसाठी दोन नावं दिलीत, त्यातलं दुसरं."

त्यानं कागद दाखवला. मालकांचं अक्षर. मी चकित झाले. गल्लीत मास्तर होते, दुकानदार होते, मालकांचे भाऊबंद होते. मी म्हणाले, सही येते म्हणून दिलं असंल.

फौजदारानं विचारलं, अर्जदाराला ओळखता का, वागणूक कशी, दारू, भांडणतंटा. मी आधी ओट्याकडं बघितलं. मालक तिथं बसले होते. पाठ माझ्याकडं. पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते. आत मालकीण होती. मी खरं बोलले तर मालकांचा मांडवातला शब्द मोडणार होता आणि माझी खोली जाणार होती. जिल्हा झाल्यापासून लातूरला खोली मिळणं म्हणजे वाघाचं दूध मिळणं, त्यात माझ्या आडनावाला. खोटं बोलले तर काय होणार होतं ते मी दाराशी उभी राहून बघितलं होतं.

मी म्हणाले, "लिवा साहेब. मी दवाखान्यात आया हाय. त्याच्या बायकोचा हात मी दोनदा चोळलाय. एकदा मनगट, एकदा खांदा. ती पडली न्हाई. घरातल्या बाईवर ज्याचा हात आवरत न्हाई, त्याच्या हातात आनखी काय कशाला द्यायचं?"

"हे तुम्ही शपथेवर सांगता?"

"मी चौथी पास हाय. वाचून बघते आन् सही करते."

मी वाचलं. त्यानं 'एकदा' लिहिलं होतं. मी 'दोनदा' करून घेतलं. खाली तारीख आहे का बघितलं. होती. सही केली.

लायसन नामंजूर झालं. कागदावर चौकशीचं कारण होतं, माझं नाव नव्हतं. पण गल्लीत कोण कोणाच्या खोलीत गेलं हे झाकून राहत नाही. जावई भर दुपारी ओट्यावर आला आणि आरडाओरडा सुरू केला. मला काय काय बोलला ते लिहीत नाही. जातीवर आला तेव्हा मी बाहेर येऊन उभी राहिले. म्हटलं, तोंडावर बोल.

मालक उठले. मी त्यांचा तेवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

"ह्या बाईला माझ्या घरात जागा न्हाई," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता नोटीस."

तिथंच बसून त्यांनी नोटीस लिहिली. करारातल्या कलमांचा दाखला दिला. एक महिन्याच्या आत खोली खाली करून खिळ्याचे भोक बुजवून ताबा द्यावा. जावयाला वाचून दाखवली. उर्दूत सही केली. माझ्याकडून पोच म्हणून सही घेतली. जावई थंड झाला. म्हणाला, "बघितलं? ही असली माणसं घरात घेतली, तर हे व्हतंय."

"तुमी बी ऐका," मालक त्याला म्हणाले. "मी शब्द फिरवला न्हाई. आजबी लायसन आणा, आज घिऊन जा. सरकार न्हाई म्हणलं, मी न्हाई म्हणलो न्हाई."

जावई ओट्यावरून उतरला. मांडवात 'कायद्यानं' हा शब्द चारशे माणसांनी ऐकला होता, आणि त्याच माणसांत तो स्वतः हसला होता.

मी खोलीत आले. रडले नाही. पेटी काढली. कुठं जायचं याचा विचार करत नोटीस पुन्हा वाचायला घेतली. मला सावकाश वाचता येतं, बोट फिरवत. वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा खालून वर बघितली. मग पाठीमागं उलटून बघितली.

तारीख नव्हती.

या माणसानं अंगठी बांधलेल्या कागदावर तारीख घातली होती. पाण्याच्या चिठ्ठ्यांवर घातली होती. मी पेटी परत बाजेखाली सारली. चूल पेटवायचीच होती. नोटीस आत घातली आणि त्यावर चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आडावर होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, तुमची घागर पाझरायलीय. बदला." बस्स. त्यानंतर त्या नोटिशीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. जावयासमोर मात्र वर्षभर माझ्याशी बोलत नव्हते. तो ओट्यावर आला की तोंड फिरवून बसायचे. तो गेला की विचारायचे, "दवाखान्यात आज काय झालं?"

शिवकांता पुढं काही वर्षं माहेरी राहिली. मुलगी झाली. मग परत नवऱ्याकडं गेली. जातात. तिला पुन्हा मार बसला नसेल असं मी म्हणणार नाही, मला माहीत आहे म्हणून. पण आज ती जिवंत आहे, सुना-नातवंडांत आहे, आणि मला फोन करून विचारते, मावशी, गुडघे कसे आहेत. जावई मालकांच्या नंतर काही वर्षांनी वारला, दारूनं. लोकांनी मला तेव्हा विचारलं, तुला वाईट वाटलं का. मी म्हणाले, न्हाई.

मालक गेले ते सकाळी. पूजेला बसले आणि बसल्या जागीच गेले. मालकीण अंगण ओलांडून माझ्या दाराशी आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या उंबऱ्याच्या आत आली, आणि बाजेवर बसली. मला कळलं. तिला पाणी दिलं. ती प्याली.

मग मी चप्पल घातली. लेकीला सांगायला दोन गल्ल्या जायचं होतं, ठाणं चार गल्ल्या. मी आधी ठाण्यात गेले.

जमादाराला घेऊन परत आले तोवर घर भरलं होतं. मालकांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, त्यांच्यात तसंच बसवतात. गळ्यात हार, कपाळाला भस्म. चष्मा तसाच. जंगम घाई करत होते. ऊन चढतंय म्हणत होते. जावई कपाटापाशी होता, एक हात दारावर ठेवून. मी त्याच्याजवळ गेले.

"हात काढा," मी म्हणाले. "ताबा व्हतो."

त्यानं जमादाराकडं बघितलं आणि हात काढला.

किल्ली मालकिणीच्या कनवटीला होती. जमादारानं कपाट उघडलं. पुठ्ठ्यावरचं वाचलं आणि टोपी काढली. रिव्हॉल्वर फडक्यात गुंडाळलं, गोळ्या मोजून वेगळ्या घेतल्या, लायसन घेतलं आणि गुडघ्यावर वही ठेवून पावती लिहिली. पावती शिवकांताच्या हातात दिली. तिचे डोळे भरलेले, तिला अक्षर दिसत नव्हतं. तिनं ती माझ्याकडं दिली. सगळी माणसं थांबली होती. मी बोट फिरवत सावकाश वाचली. वस्तू बरोबर होती. नंबर लायसनवरच्या नंबराशी जुळत होता. खाली सही होती. सहीखाली बघितलं.

तारीख होती.

मी पावती शिवकांताच्या पदराला बांधली आणि म्हणाले, "आता उचला."